अर्धं पाऊल आधी

1 जुलै 2018. मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियमवर विश्वचषकात रशिया आणि स्पेन आमनेसामने होते. रशियाच्या बचावफळीत सर्गेई इग्नाशेविच होता, दोन आठवड्यांनी एकोणचाळीस पूर्ण करणारा. 2016 मध्येच त्यानं राष्ट्रीय संघाला रामराम ठोकला होता. पण वासिन आणि जिकिया या रशियाच्या दोन बचावपटूंच्या गुडघ्यांची लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे बंध, फाटली आणि या जुन्या गड्याला परत बोलावणं आलं.

या वयात पाय साथ देत नाहीत, हे खरंच आहे. झटक्यात ताकद देणारे जलद स्नायूतंतू वयाबरोबर आधी झिजतात, दमानं चालणारे तंतू त्यामानानं टिकतात. मग विशी-पंचविशीतल्या आघाडीवीराला तो रोखायचा कसा?

साधा हिशेब करू. आघाडीवीर सेकंदाला 9 मीटर धावतो, बचावपटू 8 मीटर. दहा मीटरच्या शर्यतीत दोघांत फरक पडतो जेमतेम 0.14 सेकंदाचा. आता, डोळ्यांना काही दिसल्यापासून शरीर हलेपर्यंत साधारण 0.2 सेकंद जातात. चेंडूला लाथ बसल्यावर जो निघतो, त्याचे हे 0.2 सेकंद गेलेच. मुरलेला बचावपटू मात्र त्याआधीच पास देणाऱ्याची कंबर कुठे वळली, टेकलेल्या पायाचा चवडा कुणीकडे आहे, हे वाचून निघालेला असतो. पायांनी गमावलेलं अर्धं पाऊल नजर भरून काढते. रशियाकडून 127 सामने खेळलेल्या माणसाकडे या वाचनाची केवढी शिदोरी असेल!

म्हणूनच बाराव्या मिनिटाला जे घडलं ते मला फार बोलकं वाटतं. स्पेनची फ्री किक आली तेव्हा इग्नाशेविच स्पेनच्या रामोसला कवटाळून झटापट करत होता, चेंडूकडे पाठ करून. चेंडू त्याच्या टाचेला लागला आणि स्वतःच्याच जाळ्यात गेला. त्याचं खरं हत्यार म्हणजे नजर, आणि त्या क्षणी नेमकी तीच चेंडूवर नव्हती.

पुढे स्पेननं हजाराहून जास्त पास दिले, तरी सामना 1-1 असा पेनल्टींवर गेला. इथे भूमिका उलटतात. 11 मीटरवरून ताशी 100 किलोमीटरनं निघालेला चेंडू 0.4 सेकंदात गोलरेषेवर पोचतो. अंग वाचायचं काम आता गोलरक्षकाचं, आणि आपलं अंग वाचू न देण्याचं किक मारणाऱ्याचं. रशियाची दुसरी पेनल्टी घ्यायला इग्नाशेविच आला. समोर स्पेनचा गोलरक्षक डे हेया. चेंडू जाळ्यात गेला. रशिया 4-3 अशी जिंकली.

सहा दिवसांनी सोचीत क्रोएशियाविरुद्धही सामना पेनल्टींवर गेला आणि त्यानं पेनल्टी मारली. ती लढत रशिया हरली, पण त्याचा चेंडू जाळ्यातच गेला होता. खेळाडू म्हणून तो त्याचा शेवटचा सामना.