माणूस पोहोचण्याआधी सुटणारा चेंडू

अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक गोष्ट हमखास चकवते. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो तिकडे कित्येकदा कोणीच नसतं. ज्याने तो झेलायचा, तो रिसीव्हर त्या क्षणी नाकासमोर धावत असतो आणि चेंडूकडे त्याचं लक्षही नसतं. मग तो एकदम पाय रोवून कडेच्या रेषेकडे वळतो, मान फिरवतो आणि चेंडू त्याच्या हातांत येऊन बसतो. म्हणजे आधी फेक आणि मग वळण. हा क्रम जमतो कसा, आणि तो जमवायला दंडात किती जोर लागतो, हा या खेळातला मला सर्वांत आवडणारा वैज्ञानिक प्रश्न आहे.

खेळ अनोळखी असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे अकरा-अकरा जण असतात. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, सुमारे ४०० ग्रॅमचा. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. आक्रमणाची सूत्रं क्वार्टरबॅककडे असतात. चेंडू हातात आल्यापासून तो फेकायला त्याच्याकडे साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद असतात, कारण समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं पाडायला धावून येत असतात. फेक प्रतिस्पर्ध्याने मध्येच झेलली तर ते ‘इंटरसेप्शन’, आणि क्वार्टरबॅकच्या नावावरचा तो सर्वांत मोठा डाग.

अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, येऊ पाहणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंची दरवर्षी इंडियानापोलिसला चाचणी होते. तिथे वेगमापक यंत्राने फेकीचा वेग मोजतात. २०१८ साली जॉश ॲलन या तरुणाची फेक ताशी ६२ मैल, म्हणजे जवळपास १०० किलोमीटर भरली. इतका वेग तोवर त्या चाचणीत कोणाचाच नोंदला गेला नव्हता. पण बफेलोच्या संघातल्या त्या पहिल्या मोसमात त्याच्या शंभर फेकींपैकी जेमतेम ५३ झेलल्या गेल्या. एनएफएलच्या मानाने हा आकडा फारच कमी. २०२० मध्ये तोच आकडा ६९ वर गेला. दंड तोच होता. मधल्या काळात त्याने पायांची ठेवण आणि फेकीची ढब सुधारली, आणि त्याच वर्षी स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर संघात आला. त्या मोसमात डिग्जने १२७ झेल घेतले, लीगमध्ये सर्वाधिक. सुधारणेचं सगळं श्रेय एकट्या डिग्जला देता येणार नाही. पण इंडियानापोलिसच्या चाचणीत क्वार्टरबॅक अनोळखी मुलांना चेंडू फेकत असतो, त्यामुळे यंत्रावर फक्त दंड दिसतो, हे विसरून चालणार नाही.

दंडाची ताकद म्हणतात तीही नुसत्या दंडाची नसते. फेक पायांतून सुरू होते. पुढचा पाय जमिनीला टेकतो, कंबर वळते, मागोमाग धड वळतं, आणि हात मात्र क्षणभर मागेच राहतो. त्या क्षणी खांदा बाहेरच्या बाजूला पिळला जातो आणि तिथले स्नायुबंध व अस्थिबंध ताणले जातात. मग ते एकदम सुटतात. नील रोच आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की खांदा आतल्या बाजूला फिरवण्याच्या कामापैकी निम्म्याच्या आसपास काम ही साठवलेली ताणऊर्जाच करते. त्यांनी अभ्यासले होते बेसबॉल खेळणारे तरुण, पण मांडणी साऱ्या मानवजातीची आहे. चिंपांझी आपल्यापेक्षा बलदंड असूनही त्याची फेक ताशी तीसेक किलोमीटरच्या पुढे जात नाही, कारण त्याच्या खांद्याची घडण वेगळी. आपली घडण सुमारे २० लाख वर्षांपूर्वी होमो इरेक्टस या आदिमानवात जुळून आली असावी, असं हे संशोधक मानतात. क्वार्टरबॅकचा दंड या झटक्यात सेकंदाला सुमारे ५,००० अंश या वेगाने फिरतो. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरचा याहून बराच जास्त, पण त्याचा चेंडू हलका असतो आणि त्याच्या अंगावर कोणी धावून येत नसतं.

सुटलेला चेंडू स्वतःभोवती मिनिटाला सुमारे ६०० वेळा फिरतो. इथे एक जुनं कोडं होतं. वेगाने फिरणारी वस्तू आपल्या आसाची दिशा सहसा सोडत नाही. मग वर नाक करून सुटलेल्या चेंडूने उतरतानाही नाक वरच ठेवायला हवं. प्रत्यक्षात ते नाक मार्गाबरोबर हळूहळू खाली वळतं. रिचर्ड प्राइस, विल्यम मॉस आणि टिमथी गे या भौतिकशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये याचा सोपा उलगडा मांडला. हवेचा दाब चेंडूचं नाक मार्गापासून दूर ढकलू पाहतो. चेंडू फिरत नसता तर तो कोलमडला असता. पण फिरता भोवरा कलला की पडत नाही, घिरटी घेतो. तसंच हे नाक मार्गाच्या दिशेभोवती बारीकशी घिरटी घेत राहतं, आणि गुरुत्वाकर्षणाने मार्ग खाली वाकला की तेही त्याच्यामागे वाकतं. असा चेंडू हवेला कमी अडतो आणि रिसीव्हरला त्याचा अंदाज नीट येतो. डगमगत येणारा चेंडू झेलायला त्रास होतो, मग तो कितीही जोरात फेकलेला असो.

आता एक ढोबळ हिशेब करू. क्वार्टरबॅक सुरुवातीच्या रेषेच्या सहा मीटर मागे उभा आहे. रिसीव्हर रेषेपुढे चौदा मीटर धावून कडेकडे वळणार आहे, आणि ती कड क्वार्टरबॅकपासून आडवी पंचवीस मीटर लांब आहे. चेंडूला तिरकं ३२ मीटर जायचंय. हवेचा विरोध सोडून दिला, तर ताशी ८० किलोमीटरच्या फेकीला १.४४ सेकंद लागतील आणि ९० च्या फेकीला १.२८. फरक ०.१६ सेकंदाचा. सेकंदाला सात मीटर धावणारा बचावपटू तेवढ्यात एक मीटरहून थोडं जास्त अंतर कापतो. मधे हात घालायला एवढं पुरतं. जोरदार दंडाला अमेरिकेत इतका भाव का, याचं उत्तर या एका मीटरमध्ये आहे.

पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. रिसीव्हर वळलेला डोळ्यांनी पाहायचा आणि मगच फेक सुरू करायची, असं ठरवलं तर नुसत्या प्रतिक्रियेलाच पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो, आणि त्यावर हात मागे नेऊन पुढे आणण्याचा वेळ. म्हणजे खात्री करून घेण्याची किंमत ताशी १० किलोमीटरच्या फरकापेक्षा जास्त आहे! जो वळणाआधी फेकतो त्याला कमी जोराचा दंड पुरतो. जो पाहून फेकतो त्याला तो उशीर दंडाच्या जोरावर भरून काढावा लागतो. भरवसा हा शब्द आपण मनाच्या कप्प्यात ठेवतो, पण इथे तो सेकंदांत मोजता येतो.

हे पद्धतशीरपणे वापरलं बिल वॉल्श या प्रशिक्षकाने, आणि तेही नाइलाजाने. १९६९ मध्ये सिनसिनाटी बेंगल्स या संघाकडे ग्रेग कुक नावाचा अफाट दंडाचा नवखा क्वार्टरबॅक होता. त्याच मोसमात त्याचा रोटेटर कफ, म्हणजे खांदा धरून ठेवणारे स्नायू आणि स्नायुबंध, फाटला आणि कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. लांब फेकण्याइतका जोर त्याच्यात नव्हता, पण नेम चांगला होता आणि डोकं तर विलक्षण. याच कार्टरने रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकासोबत १९७१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. मैदानाच्या कोणत्या भागात चेंडू हाती असणं सरासरी किती गुणांचं, याचं गणित त्यात आहे. आज खेळांच्या आकडेशास्त्रात रोज वापरली जाणारी कल्पना एका खेळत्या क्वार्टरबॅकने मांडली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. वॉल्श तेव्हा साहाय्यक प्रशिक्षक होता. त्याने कार्टरसाठी आखूड, आडव्या, घड्याळाला बांधलेल्या फेकी रचल्या. क्वार्टरबॅकने मागे घ्यायची पावलं आणि रिसीव्हरने टाकायची पावलं एकमेकांशी जुळवलेली. तिसऱ्या किंवा पाचव्या पावलावर पाय टेकला की चेंडू सुटलाच पाहिजे. १९७१ मध्ये फेकी झेलल्या जाण्याच्या प्रमाणात कार्टर लीगमध्ये पहिला आला. पुढे वॉल्शने हीच पद्धत सॅन फ्रान्सिस्कोला नेली, आणि तिथे जो मॉन्टाना या क्वार्टरबॅकच्या हातून त्याने तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. मॉन्टानाही दंडासाठी प्रसिद्ध नव्हता.

न पाहता फेकायचं तर मेंदू कशाच्या आधारावर फेकतो? कोनराड कॉर्डिंग आणि डॅनियल वोल्पर्ट यांचा २००४ मधला एक सुंदर प्रयोग यावर प्रकाश टाकतो. माणसांना स्वतःचं बोट दिसणार नाही अशी सोय करून, बोटाच्या जागी पडद्यावर दिसणारा ठिपका बाजूला सरकवला जायचा. कधी कमी, कधी जास्त, पण सरासरी एक सेंटिमीटर. अर्ध्या वाटेवर त्यांना ठिपक्याची ओझरती झलक दाखवायचे, कधी स्पष्ट, कधी धूसर. सरावाने माणसांनी ही सरासरी नकळत आत्मसात केली. झलक स्पष्ट असली की ती डोळ्यांवर विसंबत, धूसर असली की शिकलेल्या सरासरीवर. जितकी धूसर, तितका जुन्या अनुभवाला मान जास्त.

क्वार्टरबॅकची नजर तर नेहमीच धूसर असते. समोर सहा-सव्वासहा फुटी माणसांची भिंत, वर उचललेले हात, आणि स्वतः ड्रू ब्रीजसारखा जेमतेम सहा फूट उंच. २०१८ मध्ये ब्रीजच्या ७४.४ टक्के फेकी झेलल्या गेल्या आणि तो विक्रम ठरला. अशा वेळी उपयोगी पडते ती रिसीव्हरविषयी साठवलेली माहिती: हा कितव्या पावलावर वळतो, वळताना घसरतो का, बचावपटू आतल्या बाजूला असला तर काय निवडतो. यातलं शेवटचं महत्त्वाचं, कारण बऱ्याच चालींत रिसीव्हरला प्रतिस्पर्धी पाहून मार्ग बदलायची मुभा असते. दोघांनी तोच बचाव पाहून तोच निष्कर्ष काढायचा, एक शब्दही न बोलता. एकाने वेगळा काढला की चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात.

क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग आणि रिसीव्हर मार्विन हॅरिसन यांनी अशी सांगड इंडियानापोलिसमध्ये वर्षानुवर्षांच्या सरावातून घातली. मॅनिंगच्या फेकीवर हॅरिसनने ११२ टचडाउन केले, म्हणजे तितक्यांदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला, आणि एका जोडीचा हा विक्रम आहे. पण मॅनिंगची खरी परीक्षा पुढे होती. मानेच्या दुखण्याने त्याच्या उजव्या हाताकडे जाणाऱ्या चेता दुखावल्या. कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स हा स्नायूच लुळा पडू लागला. सुमारे दोन वर्षांत मानेवर चार शस्त्रक्रिया झाल्या आणि २०११ चा पूर्ण मोसम बुडाला. त्या काळात बेसबॉलपटू मित्र टॉड हेल्टनकडे त्याने फेकलेला चेंडू थोड्याच अंतरावर जमिनीवर आपटला. हेल्टनला वाटलं, हा थट्टा करतोय.

मॅनिंगने आपले जुने प्रशिक्षक डेव्हिड कटक्लिफ यांच्याकडे, ड्यूक विद्यापीठात, फेकायला पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतलं. दंडात जे उरलं नव्हतं ते पायांतून आणि कमरेतून काढायचं होतं. २०१२ मध्ये तो डेन्व्हरला गेला, तिथल्या रिसीव्हरांकडून एकेक मार्ग घोटून घेतला, आणि २०१३ मध्ये ५५ टचडाउन फेकी आणि ५,४७७ यार्ड अशी कामगिरी केली. दोन्ही विक्रम. चार वेगवेगळ्या झेलकऱ्यांनी त्या मोसमात प्रत्येकी दहा किंवा अधिक टचडाउन केले. ज्याचा दंड अर्धवट परत आला होता, त्याने त्या खेळातला सर्वांत मोठा मोसम गाजवला.

मात्र अशा जुळणीवर घाव घालता येतो. सुरुवातीच्या पाच यार्डांत बचावपटूला रिसीव्हरला धक्का देण्याची नियमानेच मुभा आहे. त्याचं एक पाऊल चुकवलं की सगळी पावलं चुकतात आणि चेंडू ठरल्या जागी आधीच पोहोचतो. सिअॅटलचा बचाव यात वाकबगार होता. त्या विक्रमी मोसमाच्या शेवटी, फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये, त्यांनी डेन्व्हरला ४३-८ असं हरवलं. धक्क्याने रिसीव्हर उशिरा पोहोचणार असेल तर चेंडूही उशिरा सोडून तो वेगाने पोहोचवावा लागतो, आणि तिथे शेवटी दंडच लागतो.

दोन वर्षांनी, एकोणचाळिशीत, मॅनिंगचा तोही आधार सुटला. पायही दुखावलेला होता. २०१५ च्या मोसमात ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन. फेक इतकी मंदावली, की ती वेळेत पोहोचवायची तर रिसीव्हरने मार्ग निवडण्याआधीच सोडावी लागली असती. फेब्रुवारी २०१६ मध्ये डेन्व्हरने सुपर बोल जिंकला, तेव्हा मॅनिंगने २३ फेकींत १४१ यार्ड काढले होते. सामन्याचा मानकरी ठरला बचावफळीतला व्हॉन मिलर. पुढच्या महिन्यात मॅनिंग निवृत्त झाला.