तुरा नसलेलं रोप मागून घ्या
तुरेवाला कोंबडा या फुलझाडाची रोपं नेणाऱ्या ग्राहकांसाठी

जून संपत आला की आमच्या नर्सरीत एक संवाद रोज ठरलेला. गिऱ्हाईक येतं, रांगेतलं सगळ्यात झोकदार लाल तुऱ्याचं रोप उचलतं आणि आम्ही म्हणतो, "ताई, ते राहू द्या, शेजारचं न्या, बिनतुऱ्याचं." ताई आधी आमच्याकडं बघतात, मग त्या बोटभर हिरव्या रोपाकडं. चांगला माल मागं ठेवून उरलासुरला गळ्यात मारतोय, असा संशय चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. दर वेळी तेच समजावण्यापेक्षा छापून हातात दिलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

झाड कुठलं?

पावसाळ्यात शेताच्या बांधावर गुलाबी-पांढऱ्या टोकदार कणसांचं कुरडू उगवतं ना, त्याच घरातलं हे. आषाढात कुरडूच्या कोवळ्या पाल्याची भाजी खाणाऱ्यांना पानं बघताच ओळख पटेल. माठ, राजगिरा हेही याच कुळातले. बागेतल्या कोंबड्याचे दोन प्रकार आपल्याकडं चालतात. एक मखमली, म्हणजे खऱ्या कोंबड्याच्या तुऱ्यासारखा वळ्यावळ्यांचा. त्याचा शेंडा टोकदार वाढण्याऐवजी आडवा पसरत जातो आणि त्याच्या घड्या पडतात. दुसरा तुरेवाला, पिसांच्या झुबक्यासारखा उभा. हे पत्रक मुख्यतः दुसऱ्याबद्दल आहे.

लाल, किरमिजी, केशरी, पिवळा, गुलाबी, मलई असे रंग मिळतात. बिटाला लाल करणारी जी रंगद्रव्यं, त्याच गोत्रातली यातही असतात, आणि त्यांच्या पोटातून निळा रंग निघत नाही. तेव्हा कुणी निळ्या कोंबड्याचं बी म्हणून पाकीट दाखवलं, तर पैसे खिशातच ठेवा.

भाजीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. कोंबड्याची पानंही खातात, पश्चिम आफ्रिकेत तर याच जातीची पालेभाजी म्हणून लागवड होते. पण आमच्याकडून नेलेल्या रोपांची भाजी करू नका. नर्सरीत त्यांच्यावर फवारणी झालेली असते.

बिनतुऱ्याचं रोप का?

कोंबडा हंगामी आहे. बी रुजण्यापासून बी धरण्यापर्यंतचा सगळा संसार त्याला चारेक महिन्यांत उरकायचा असतो. त्यामुळे लहानपणी त्याची अडचण झाली, म्हणजे ट्रेच्या कप्प्यात मुळं कोंडली, दोनदा पाणी चुकलं किंवा रात्री फार गार पडल्या, की ते वाढायचं सोडून घाईनं तुरा काढतं. आता जगतो की नाही कोण जाणे, निदान बी तरी धरू, असा त्याचा हिशेब. एकदा हा हिशेब झाला की पुढं कितीही मोठी कुंडी द्या, कितीही खत घाला, झाड पूर्वपदावर येत नाही. वीतभर उंचीवर बोटभर तुरा, बस्स.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका वर्षी पाऊस लांबला, गिऱ्हाईक फिरकलं नाही आणि ९८ कप्प्यांच्या ट्रेमधली रोपं हवी त्यापेक्षा तीन आठवडे जास्त राहिली. सगळ्यांना इवलेइवले तुरे आले. दिसायला इतकी गोड की दोन दिवसांत संपली! दसऱ्याला तीच मंडळी मोबाईलवर फोटो घेऊन आली: शेजाऱ्याचं झाड कमरेएवढं, आमचं कपाएवढं. शेजाऱ्यानं घरी बी टाकलं होतं.

म्हणून घेताना चार ते सहा पानांचं, जाड देठाचं, गडद रंगाचं रोप घ्या. बुडाकडून मुळं बघा, आम्ही काढून दाखवू. पांढरी मुळं मातीला हलकी धरून असली पाहिजेत. तपकिरी मुळांची दोऱ्याच्या गुंडीसारखी गुंडाळी झाली असेल, तर ते रोप आमच्याकडचं असलं तरी घेऊ नका. तुरा आलेली मोठ्या कुंडीतली झाडंही आम्ही विकतो, पण ती गणपतीत दारात आठ-पंधरा दिवस मांडायला. त्यांच्याकडून वाढीची अपेक्षा नको.

नाशिकमध्ये लावायचं कधी?

मुख्य हंगाम पावसाळ्याचा. बी टाकल्यापासून भरदार तुरा यायला अडीच ते तीन महिने लागतात. दसरा-दिवाळीला अंगण रंगवायचं असेल, तर बी जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पडायला हवं. आमची रोपं तीन-चार आठवड्यांची असतात, ती जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लागली की वेळ जमते.

दुसरा हंगाम फेब्रुवारीचा. थंडी ओसरताना लावलेली झाडं एप्रिल-मेच्या उन्हातही तग धरतात, फक्त पाणी चुकवायचं नाही. झेंडू मान टाकतो त्या दिवसांत कोंबडा ताठ असतो.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मात्र आम्ही रोपं करत नाही. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला, की या झाडाचं काम थांबतं. त्याला ऊब लागते. शिवाय लहान दिवसांत ते लवकर फुलावर येतं. थंडी आणि लहान दिवस एकत्र आले की पुन्हा तोच बोटभर तुरा. त्या दिवसांत पिटुनिया न्या, डायॲन्थस न्या.

जागा आणि माती

निदान सहा तास थेट ऊन. यात तडजोड नाही. पूर्वेच्या गॅलरीत सकाळी दोन-अडीच तास ऊन येत असेल तर कोंबडा लावू नका. देठ लांबुळके होतील, तुरे विरळ आणि फिके. गच्ची सगळ्यात चांगली.

मातीच्या बाबतीत नाशिककरांची अडचण वेगळी आहे. आपली काळी माती कसदार खरी, पण पावसात चिखल आणि उघडीप पडली की भेगा. कोंबडा तहान सोसतो, ओले पाय सोसत नाही. जमिनीत लावायचा असेल तर वीतभर उंच गादीवाफा करा आणि त्यात चांगलं कुजलेलं शेणखत व भाताचं तूस मिसळा. घोटी-इगतपुरीकडं भाताच्या गिरण्या असल्यानं तूस आपल्याला जवळ मिळतं. कोकोपीटवर पैसे घालवायलाच हवेत असं नाही. त्र्यंबक किंवा इगतपुरीकडचे ग्राहक असतील तर वाफा आणखी उंच करा, तिथला पाऊस आणि शहरातला पाऊस यांची तुलनाच नाही.

कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग तूस किंवा कोकोपीट, आणि मूठभर निंबोळी पेंड. बुटक्या जातीला ८ इंची कुंडी पुरते, उंच जातीला १० ते १२ इंची घ्या. कुंडीच्या बुडाचं भोक मोकळं आहे का, हे माती भरायच्या आधी बघा; नंतर कुणी बघत नाही.

ज्या वाफ्यात लागोपाठ टोमॅटो, वांगी किंवा भेंडी झालीत तिथं शक्यतो नको. तिथं सूत्रकृमी (मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे जंत) असण्याचा संभव जास्त, आणि कोंबडा त्यांना लगेच बळी पडतो. झाड दुपारी मरगळतं, खत देऊनही पिवळं राहतं, उपटलं की मुळांवर गाठी दिसतात. मग औषध शोधत बसू नका. झाड मुळासकट काढा आणि त्या जागी एक हंगाम झेंडू लावा.

लावताना

संध्याकाळी लावा. कप्प्यातला मातीचा गोळा फोडू नका. काही लोक मुळं मोकळी करावीत म्हणून गोळा चोळतात. कोंबड्याला मुळाला हात लावलेला चालत नाही. आधी ट्रे भिजवा, खालून बोटानं ढकलून गोळा अख्खा काढा, आणि रोप ट्रेमध्ये होतं तेवढ्याच खोलीवर बसवा. देठ मातीत पुरलं की तिथंच कुजतं. बुटक्या जातींत दोन रोपांमध्ये २० सेंटिमीटर, उंच जातींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. सुरुवातीला वाफा रिकामा वाटतो, महिन्यानं वाटणार नाही.

पाणी बुडाशी द्या. तुऱ्यावर पाइपनं फवारा मारायची सवय असेल तर ती सोडा. घट्ट तुऱ्यात पाणी अडकलं की आतून राखाडी बुरशी धरते आणि बाहेरून कळत नाही. झडीच्या पावसानंतर झाड हलकं झटकून घ्या. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी.

शेंडा खुडावा का?

तुरेवाल्याचा खुडावा. लागल्यावर दोनेक आठवड्यांत, रोपाला सहा-सात पानं झाली की टोक चिमटीनं काढा. बगलेतून फांद्या फुटतात आणि एका मोठ्या तुऱ्याऐवजी पाच-सहा मध्यम तुरे मिळतात. फूल आठ-दहा दिवस उशिरा येतं, तेवढं दसऱ्याच्या गणितात धरा. फुलदाणीसाठी लांब दांडीचा एकच तुरा हवा असेल तर खुडू नका. मखमली कोंबड्याचा शेंडा मात्र कधीही खुडायचा नाही, त्याचा सगळा डौल त्या एका शेंड्यातच असतो.

खत, आणि द्राक्षबागेतलं औषध

शेणखत व्यवस्थित असेल तर फार काही लागत नाही. लागल्यावर तीन आठवड्यांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. युरिया नको, पानं माजतात आणि तुरा लोळतो.

आता नाशिकचा खास प्रश्न. इथं घरोघरी कुणाची तरी द्राक्षबाग आहे, आणि शेडमध्ये उरलेल्या बाटल्या आहेत. "भाऊ, मण्यांना मारतो ते जीए उरलंय, तुऱ्यावर मारलं तर तुरा मोठा होईल का?" हा प्रश्न दर वर्षी चार-पाच जण विचारतात. नाही होणार. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक; त्यानं कांडी लांबते, देठ बारीक होतं आणि पहिल्या वाऱ्यात झाड आडवं. बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची) फवारणीही तुऱ्यावर नको, रंगावर निळसर डाग बसतात आणि धुतले जात नाहीत. झिरो बावन चौतीस (०:५२:३४ हे विद्राव्य खत) उरलं असेल तर कळी दिसताना लिटरला २ ग्रॅम, एकदाच, जमिनीतून दिलेलं चालेल.

रोग-किडी

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पहिल्या दहा दिवसांत, बुडाशी काळी पडून कोलमडतात. कारण बहुधा एकच, जास्त पाणी. माती भरतानाच ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) पाकिटावरच्या प्रमाणात मिसळा.

मावा कोवळ्या शेंड्यावर येतो. ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा, चार-पाच दिवसांनी पुन्हा. मार्च-एप्रिलमध्ये पानं मळकट, ठिपकेदार दिसली आणि पानाखाली बारीक जाळं असलं तर लाल कोळी आहे. त्याला कोरडेपणा आवडतो. पानांच्या खालच्या बाजूला सलग तीन-चार सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा, पण तुऱ्याला वाचवून. पावसाळ्यात पानं रात्रीत चाळणी झाली तर बॅटरी घेऊन अंधारात बघा, गोगलगाई सापडतील. त्या वेचायच्या, दुसरा उपाय नाही.

कापणं, वाळवणं, बी

फुलदाणीसाठी सकाळी कापा, पाण्यात जाणारी पानं काढून टाका, पाणी एक दिवसाआड बदला. वाळवायचे असतील तर तुरा पूर्ण फुललेला पण खालून बी गळायला न लागलेला असा धरा. सगळी पानं काढा, चार-पाच दांड्यांची जुडी करून अंधाऱ्या, वारा खेळणाऱ्या खोलीत उलटी टांगा. दोन-तीन आठवड्यांत वाळतात आणि रंग महिनोन्महिने राहतो. ऑगस्टमध्ये हा उद्योग करू नका, दमट हवेत बुरशी येते. दिवाळीच्या सुमाराची कोरडी हवा याला उत्तम.

बी काळं, चकचकीत, राईपेक्षा कितीतरी बारीक. ग्रॅमभरात हजारावर भरतं, त्यामुळे पेरताना चिमूटभर बारीक वाळूत मिसळा आणि वरून मातीचा नुसता पापुद्रा द्या. संकरित जातीचं घरचं बी आईसारखं निघत नाही. उंची आणि रंग दोन्ही बदलतात. आम्हाला त्यात गंमत वाटते, पण एकाच रंगाची ओळ हवी असणाऱ्यानं नवीन बी घ्यावं. बी न धरताही पुढच्या जूनमध्ये फरशीच्या फटीतून दोन-चार कोंबडे उगवतीलच. दोन पानांवर असतानाच हलवा, मोठी झाल्यावर हलवू नका.

बदलून देण्याबद्दल

नेल्यापासून सात दिवसांत रोप कोलमडलं तर बदलून देतो. पाण्यात बुडवलेलं देत नाही, आणि बुडवलेलं आम्हाला कळतं. चार महिन्यांनी झाड वाळलं म्हणून तक्रार घेऊन येऊ नका, त्याचं आयुष्यच तेवढं. रोग दाखवायचा असेल तर पानाचा फोटो पाठवून भागत नाही. झाड मुळासकट उपटून प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आणा, आणि पिशवी गेटजवळच्या बाकावर ठेवून आवाज द्या. शेडमध्ये आत आणू नका, तिथं पुढच्या हंगामाची रोपं असतात.