रुमालातली नाचणी: सीमाभागातल्या उपकारस्तुतीची पार्श्वभूमी

सुगी आटोपली की बेळगाव-खानापूरकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत उपकारस्तुतीची, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याची, उपासना होते. वेदीपुढे भाताच्या पेंढ्या, रताळी, नारळ, अंडी, कधी पाय बांधलेली कोंबडी. त्यातच रुमालाच्या टोकाला गाठ मारून आणलेली मूठभर नाचणी असते. ती बहुधा एखाद्या मुलाची.

या प्रथेची मुळे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात आहेत. हजारो भुकेल्यांपुढे शिदोरी निघाली ती एका पोराची: जवाच्या पाच भाकरी, दोन मासळ्या. येशूने तीच शिदोरी हातात घेऊन देवाचे उपकार मानले. या प्रसंगात गरीब मूल देणारे आहे आणि घेणारे मोठे आहेत. मंडळ्यांच्या इतिहासात मात्र हा क्रम अनेकदा उलटला.

पेशवाई बुडाली आणि दोनच वर्षांत, १८२० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले. पुढे विल्यम बेनन आले. मिशनच्या इंग्रजी शाळेला पुढे बेनन-स्मिथ हे नाव मिळाले. १८७६-७८ च्या दुष्काळाने बेळगाव जिल्हाही होरपळला. त्या काळात दख्खनच्या अनेक मिशनांनी अनाथ पोरांना आसरा दिला. जीव वाचले, हे उपकार मोठेच. पण धान्यासाठी धर्म घेतला, हा आरोपही तेव्हापासून चिकटला, आणि तो सगळाच पोकळ नव्हता. उपाशी माणसाला निवड करायची मोकळीक कुठली? शिवाय मुलांना देवाऐवजी दात्याचे आभार मानायची सवय लागली. १९०४ मध्ये हे काम मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेले, तरी सवय उरली.

गोव्याशी नाळ असलेल्या कॅथलिक घरांची वाट निराळी. फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ चे, म्हणजे मराठीतली ख्रिस्तस्तुती इंग्रजी अमलाच्या कितीतरी आधीची. ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, कोकणी कॅथलिकांत नव्या भाताची कणसे आशीर्वादित होतात आणि मुले फुले वाहतात. रानातल्या फुलाला पैसा लागत नाही, म्हणून त्या रांगेत गरीब-श्रीमंत ओळखू येत नाहीत.

प्रॉटेस्टंट बाजूला हाच मोकळेपणा भजनाने आणला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि टाळ-मृदंगात गायले. पेटी नसली तरी टाळ्यांवर चालते, आणि अनवाणी पोरही ठेका धरते. त्या आनंदाकडे पाहून मोठ्यांची कुरकुर थांबते खरी, पण म्हणून गरिबी गोड ठरत नाही.

संडे स्कूलची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाची, सुरुवातही कष्टकरी मुलांपासूनच झाली. १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी रविवार धरला, कारण इतर दिवशी मुले कामावर असत. इथे ऊसतोडीच्या आणि वीटभट्टीच्या हंगामात तेच दिसते: दिवाळीनंतर नवे चेहरे येतात, उन्हाळ्यात जातात. म्हणून प्रत्येक रविवारचा धडा स्वतंत्र ठेवावा. मागच्या धड्यावर बेतला की नवे मूल गप्प बसते. सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचे बायबलचे वचन, आठ-दहा शब्दांचे असावे आणि चालीवर शिकवावे. १९५६ मध्ये हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. आज कन्नड माध्यमातल्या कितीतरी मुलांना घरची मराठी कळते, पण देवनागरी अडखळत वाचता येते. त्यांना सगळ्यांपुढे वाचायला उभे केले की पुढच्या रविवारी ती येत नाहीत.

अर्पणाच्या दिवशी आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, आणि बहुतेक चुका त्यातच होतात. मुलांच्या वस्तू शेवटी काढल्या तर बोली लावणाऱ्यांचे खिसे रिकामे झालेले असतात आणि अंडे दहा रुपयांत जाते. मूल ते पाहत असते. मुलांच्या वस्तू आधी काढाव्यात. कोणी काय आणले हे पुकारू नये. ओली रताळी पोत्यात कुजतात, म्हणून दोन दिवस सावलीत पसरून ठेवावीत, धुऊ नयेत. काहीच आणू न शकलेल्या मुलाकडे ताट वेदीपर्यंत नेण्याचे काम द्यावे. वह्या-दप्तरे वाटायची असतील तर दुसऱ्या दिवशी, फोटोविना.

मुलांची नाचणी मात्र लिलावात घालू नये. तिची आंबील करावी. सगळ्यांची मिळून किलोभर झाली की दळून ५० पेले निघतात. पीठ आधी दोन लिटर गार पाण्यात कालवावे, थेट उकळत्या पाण्यात टाकले की गुठळ्या होतात. मग सहा लिटर उकळत्या पाण्यात ओतून ढवळत शिजवावे. पूर्ण गार झाल्यावरच मीठ आणि दोन लिटर ताक घालावे. गरम असताना घातले तर ताक फाटते. पहिला पेला वडीलधाऱ्यांना, आणि तो मुलांनी नेऊन द्यायचा.

रुमाल झटकून, घडी घालून त्याच दिवशी परत करावा. बऱ्याचदा तो शाळेचा असतो आणि सोमवारी लागतो.