ट्विन आय-बीम सस्पेन्शन: कॅम्बर आणि ट्रॅव्हल

ट्विन आय-बीम ही फोर्डच्या ट्रकांमधली पुढच्या चाकांची स्वतंत्र सस्पेन्शन रचना. 1965 च्या एफ-100 पिकअपमध्ये ती प्रथम आली. 1980 मध्ये एफ-150 आणि ब्रॉन्कोच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना तिचीच पुढची आवृत्ती, ट्विन ट्रॅक्शन बीम, मिळाली. एफ-150 मधून ती 1996 नंतर गेली, तरी वाळवंटी शर्यतींचे ट्रक बांधणारे आजही ती शोधून वापरतात. चाक वर-खाली किती जाते (ट्रॅव्हल) आणि तसे जाताना ते किती कलते (कॅम्बर), हे दोन्ही एकाच लोखंडी दांड्यावर ठरत असल्यामुळे या दोहोंचे नाते समजून घ्यायला याहून सोपी रचना नाही.

प्रत्येक चाकाला एक लांब पोलादी बीम असतो. त्याचे आतले टोक चासीच्या मध्याच्या पलीकडे, विरुद्ध बाजूला, रबरी बुशवर बसवलेले असते; बीम ज्याभोवती फिरतो तो हा पिव्हट. मागे जाणारा रेडियस आर्म चाकाला पुढे-मागे सरकू देत नाही आणि कॉइल स्प्रिंग वजन पेलते. ट्रॅक्शन बीममध्ये डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा संच) डाव्या बीममध्येच बसवलेले असते. उजव्या चाकाकडे जाणारा शाफ्ट युनिव्हर्सल जॉइंटमधून (कोनात फिरू देणाऱ्या जोडातून) वळतो आणि सरकत्या जोडामुळे लांब-आखूड होतो.

चाक बीमला पक्के असल्याने बीम जितके अंश फिरतो तितकाच कॅम्बर बदलतो. पिव्हटपासून चाकापर्यंत 1 मीटर धरला, तर 10 सेमी वर गेलेले चाक सुमारे 5.7 अंश आत झुकते (निगेटिव्ह कॅम्बर), आणि तेवढेच खाली लोंबले की 5.7 अंश बाहेर (पॉझिटिव्ह). 20 सेमीला हा आकडा 11.5 अंशांवर जातो. बीम विरुद्ध बाजूपर्यंत लांबवण्याचे कारण हेच: अर्ध्या लांबीच्या बीमवर हाच कल जवळपास दुप्पट झाला असता. सॉलिड ॲक्सलवर, म्हणजे दोन्ही चाके जोडणाऱ्या एकसंध दांड्यावर, दोन्ही चाके सारखी उचलली तर कॅम्बर बदलत नाही. एकच उचलले तर दोन्ही कलतात.

खरी अडचण लिफ्ट किटने, म्हणजे ट्रक उंच करणाऱ्या सुट्या भागांच्या संचाने, सुरू होते. नुसती उंच स्प्रिंग टाकली की बीम कायमचा खाली झुकतो, चाकांचे माथे बाहेर पडतात आणि टायर बाहेरच्या कडेने झिजतात. स्प्रिंग बसून गेलेल्या जुन्या ट्रकवर उलटे घडते, आतली कड जाते. वरच्या बॉल जॉइंटभोवतीच्या एक्सेंट्रिक (मध्य सरकवलेल्या) बुशने दीड-दोन अंश भरून निघतात, त्यापुढे नाही. म्हणून चांगल्या किटमध्ये बीमचे पिव्हट आणि रेडियस आर्म खाली आणणारे ब्रॅकेट असतात. शर्यतीवाले बीम बाहेरच्या टोकाजवळ कापून नव्या कोनात वेल्ड करतात आणि वर जाड पट्ट्या चढवतात, म्हणजे वाढवलेल्या उंचीवर कॅम्बर शून्याजवळ येतो. हे काम जिगशिवाय (भाग अचूक कोनात धरून ठेवणाऱ्या साच्याशिवाय) करू नये. दोन बाजूंत एका अंशाचा फरक राहिला तरी ट्रक एका बाजूला ओढतो.

कॅम्बरपेक्षा टो, म्हणजे वरून पाहता चाकांचे आत किंवा बाहेर वळलेले असणे, जास्त छळतो. लिफ्टनंतर टाय रॉडचा (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बीमच्या कोनाशी जुळेनासा झाला, तर प्रत्येक खड्ड्यात चाके आपोआप आत-बाहेर वळतात. उंची बदलली की स्टिअरिंगचे दुवेही त्याच हिशेबाने खाली घ्यावे लागतात.

मोजण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी उंची, मग कॅम्बर, मग टो. जॅकवरून उतरवलेला ट्रक लगेच मोजला तर आकडा हमखास खोटा येतो: लोंबलेली चाके जमिनीला टेकताना आत सरकलेली असतात आणि टायरची पकड त्यांना बाहेर पसरू देत नाही. ट्रक काही मीटर पुढे-मागे ढकलावा, बंपर दाबून सोडावा, तेव्हा तो खऱ्या उंचीवर बसतो. पूर्ण ट्रॅव्हल तपासायला ट्रक चासीखालच्या स्टँडवर घ्यावा, स्प्रिंग काढावी आणि बीम जॅकने खालच्या टोकापासून बंप स्टॉपपर्यंत (वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) 25-25 मिमी उचलत प्रत्येक टप्प्यावर रिमला कॅम्बर गेज लावावा. ब्रेकची नळी ताणते का, युनिव्हर्सल जॉइंटचे योक (दुबेळके) एकमेकांना घासतात का, शॉक ॲब्सॉर्बरची चाल बंप स्टॉपच्या आधीच संपते का, हे तेव्हाच दिसते. शॉक आधी संपत असेल तर पहिल्याच मोठ्या उडीत त्याचे माउंट तुटते.

नाशिकला बनणाऱ्या 2020 नंतरच्या महिंद्रा थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आहे, त्यामुळे वरचे अंशांचे हिशेब तिला लागू होत नाहीत. शॉक तोच ठेवून स्प्रिंगला स्पेसर लावण्याचा तोटा मात्र दोन्हीकडे सारखाच. त्याने पुढचा भाग 5 सेमी उचलला, तरी एकूण ट्रॅव्हल वाढत नाही. चाक खाली लोंबण्याचे 5 सेमी कमी होतात आणि खडकाळ चढावर ते आधीच्या मानाने लवकर अधांतरी सुटते.