जठरोच्छेदनानंतरचा आहार आणि वजन

जठर संपूर्ण काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोषण पुरेसे राहावे आणि वजनाची घसरण थांबावी, यासाठी बदललेली खाण्याची पद्धत. जठराचा कर्करोग हे या शस्त्रक्रियेचे मुख्य कारण. सीडीएच१ या जनुकात आनुवंशिक दोष असलेल्या काहींचे जठर कर्करोग होण्याआधीच, प्रतिबंध म्हणून काढतात. संपूर्ण जठर यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल श्लाटर यांनी 1897 मध्ये झुरिक येथे केली. जठर काढल्यावर अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. त्यासाठी बहुधा शल्यविशारद सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘रू-एन-वाय’ रचना, म्हणजे आतड्याची इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी जोडणी, वापरतात.

जठर गेले तरी पचन थांबत नाही, कारण पचनाचा आणि शोषणाचा मोठा भाग लहान आतड्यातच होतो. जाते ती साठवण. एरवी जठर अन्न घुसळून थोडेथोडे पुढे सोडते. आता ते थेट आतड्यात उतरते. म्हणून दिवसातून दोन-तीन पोटभर जेवणांऐवजी सहा ते आठ वेळा थोडे खावे लागते, तेही सावकाश आणि बारीक चावून. घास जितका बारीक होईल तितका तो तोंडातच व्हायला हवा.

भूकही पूर्वीसारखी लागत नाही. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक 1999 मध्ये शोधले गेले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर रक्तातील त्याचे प्रमाण एकदम घटते. रुग्ण ‘खातच नाही’ अशी घरच्यांची तक्रार असते, पण यात हट्ट नसतो. भुकेची सूचना देणारा अवयवच उरलेला नसतो. आग्रह करून ताट भरण्याने त्रासच वाढतो. घड्याळ लावून ठरल्या वेळी चार घास खाणे, भूक असो वा नसो, हाच खरा उपाय.

साखर किंवा द्रव एकदम आतड्यात शिरला की ‘डम्पिंग’चा त्रास होतो. खाल्ल्यावर साधारण अर्ध्या तासात पोटात कळ, जुलाब, धडधड, घाम आणि गळाठा येतो. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी उद्भवतो: रक्तातील साखर झपाट्याने चढते, इन्शुलिन जास्त स्रवते आणि साखर गरजेपेक्षा खाली येते. थरथर व चक्कर त्यामुळेच. गोड पेये टाळणे, प्रत्येक खाण्यात प्रथिने व थोडी चरबी ठेवणे, पाणी जेवणासोबत न पिता अर्धा तास आगेमागे पिणे, याने बहुतेकांना आराम पडतो. थोड्या जागेत पाण्याने पोट भरले तर अन्नाला वाव राहत नाही, हेही आहेच.

पहिल्या वर्षात मूळ वजनाच्या साधारण 10 ते 20 टक्के घट सर्रास दिसते. कमी खाल्ले जाते, शिवाय स्वादुपिंडाचे पाचकरस अन्नात वेळेवर न मिसळल्याने चरबी नीट पचत नाही. मळ तेलकट, दुर्गंधीयुक्त होत असेल तर पाचक विकरांच्या गोळ्या देतात. जुने वजन परत मिळवण्याचे उद्दिष्ट बहुतेकांसाठी अवास्तव असते. वजन एका पातळीवर टिकणे आणि स्नायू शाबूत राहणे अधिक महत्त्वाचे. म्हणून अंडी, मासे, दूध, डाळी यांसारखे प्रथिनयुक्त पदार्थ आधी खावेत, आणि झेपेल तसा व्यायाम करावा. दूध सोसत नसल्यास दही चालून जाते. सुरुवातीला तोंडाने पुरेसे जात नसेल तर आतड्यात बसवलेल्या नळीतून पोषण देतात.

बी१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न मात्र आहाराने सुटत नाही. ते शोषण्यासाठी लागणारे ‘अंतर्गत घटक’ नावाचे प्रथिन जठरातच तयार होते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने कमतरता उशिरा उघड होते, आणि तोवर मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता आयुष्यभर इंजेक्शने किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या घ्याव्या लागतात. जठरातील आम्लाअभावी लोहही कमी शोषले जाते. हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व लागते. कॅल्शियम सायट्रेटला आम्लाची गरज नसल्याने ते सोयीचे.

स्थिरावलेले वजन पुन्हा घसरू लागले, किंवा गिळताना अन्न अडकू लागले, तर जोडाच्या जागी अरुंदपणा, आतड्यात जिवाणूंची अतिवाढ किंवा रोगाचा पुनरुद्भव यांची तपासणी करावी लागते. सतत उलट्या होत असल्यास बी१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मेंदूला इजा होऊ शकते; तेथे तातडीने उपचार हवेत.