प्रवासाची बांधाबांध

सुट्टीच्या प्रवासाला लागणाऱ्या वस्तू निवडून त्या बॅगेत नीट लावणे आणि सगळे सामान झेपेल इतकेच ठेवणे, या कामाला मराठी घरांत बांधाबांध म्हणतात. ते बहुतेक वेळा निघायच्या आदल्या रात्री उरकले जाते आणि तिथेच बिघडते. किती सामान न्यायचे याचा हिशेब लोक दिवसांवर करतात: आठ दिवस, म्हणून कपड्यांचे आठ जोड. खरे तर हा हिशेब वाटेवर करायला हवा. बॅग किती वेळा उचलावी लागणार, ती कोण उचलणार आणि मध्ये जिने किती आहेत, हे आधी पाहावे. दारात गाडी येऊन मुक्कामाच्या दारात सोडणार असेल तर मोठी बॅगही चालते. दोनदा गाडी बदलायची असेल आणि सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील असतील, तर तीच बॅग डोईजड होते.

रेल्वेच्या जुन्या दिवसांत सामान म्हणजे पत्र्याची ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि शिदोरीचा डबा. धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे अंथरूण मिळेलच असे नसे, म्हणून सतरंजी, पातळ गादी, चादर आणि उशी गुंडाळून दोरीने आवळून घेत. या वळकटीचाच सुधारलेला प्रकार म्हणजे होल्डॉल. जाड कॅनव्हासच्या या लांब पट्टीला दोन्ही टोकांना मोठे खिसे असत. एकात उशी, दुसऱ्यात कपडे किंवा चपला भरायच्या, मध्ये गादी पसरायची आणि सगळे गुंडाळून चामडी पट्टे ओढून बांधायचे. गाडीत बाकावर तो उलगडला की बिछाना तयार. एका वस्तूने दोन कामे करायची, ही त्यातली अक्कल आजही घेण्यासारखी आहे.

शिदोरीमागेही असाच विचार होता. दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवतात, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची कोरडी चटणी, गूळ, मेतकूट हे सगळे पदार्थ न गळणारे, न नासणारे आणि ताट-वाटी न मागणारे आहेत. आजही लांबच्या गाडीला पातळ भाजीच्या डब्यापेक्षा हेच बरे पडतात.

त्या काळचे सामान जड होते हे खरे, पण स्टेशनवर हमाल होते आणि पोचवायला चार माणसे येत. चाकांची बॅग आल्यावर ते बदलले. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाला चाकांच्या सूटकेसचे पेटंट १९७२ साली मिळाले. ती आडवी बॅग पट्ट्याने ओढावी लागे. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने उभी, दोन चाकांची आणि आत सरकणाऱ्या दांड्याची बॅग बनवली. आज घरोघरी दिसते ती तिचीच पुढची पिढी.

चाकांनी माणसाची कंबर वाचवली, पण अंदाज बिघडवला. गुळगुळीत फरशीवर ओढताना अठरा किलो जाणवत नाहीत, म्हणून बॅग भरतच जाते. हे वजन कळते ते माथेरानला. दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या गाड्यांना बंदी आहे. तिथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर, आणि वाटेत तांबडी माती, दगड, झाडांची मुळे. पावसाळ्यानंतर ती माती चाकांच्या आसात बसते, चाक फिरायचे थांबते आणि बॅग नुसती फरफटत जाते. मग घोडा किंवा सामान वाहणारा माणूस शोधावा लागतो. अशा ठिकाणी पाठीवरची सॅक हाच शहाणपणा. हमालाला बोलवावे लागलेच तर त्याच्या डोक्यावर आपण किती चढवतो आहोत याचे भान हवे. रेल्वेच्या हमालांना ‘सहायक’ म्हणावे असे २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी जाहीर केले होते. नाव बदलले तरी ओझे तेवढेच राहिले.

मराठी प्रवाशांची बांधाबांधीतली सर्वांत उपयोगी सवय म्हणजे नग मोजणे. घरातून निघताना, रिक्षातून उतरताना, गाडीत चढल्यावर कुणीतरी मोठ्याने विचारते, ‘किती नग होते? सात ना? मोजा बरं!’ आणि लहान मुलांनाही आकडा पाठ असतो. या सवयीत एक सूचना दडलेली आहे: नग जितके कमी, तितकी चूक कमी. ऐनवेळी हातात येणाऱ्या पिशव्याच घात करतात. पाण्याच्या बाटल्यांची एक, खाऊची एक, चपलांची एक, ‘असू दे’ म्हणून घेतलेली एक. बॅग सहसा विसरत नाही, पिशवी विसरते. माणशी एक मोठा नग आणि खांद्याला एक छोटा, एवढ्यावर थांबावे.

कोकणात जाणाऱ्यांना याचे मोल जास्त कळते. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर २६ जानेवारी १९९८ पासून प्रवासी गाड्या धावू लागल्या, पण मधल्या कित्येक स्टेशनांवर गाडी दोनच मिनिटे थांबते. गणपतीच्या दिवसांत डबा खचाखच भरलेला असतो, दाराशी माणसे बसलेली असतात, आणि तेवढ्या वेळात म्हातारी माणसे, मुले आणि सामान उतरवायचे असते. अनुभवी चाकरमानी आधीच्या स्टेशनलाच सामान दाराकडे सरकवायला लागतो. शिवाय कोकणाचा प्रवास दोन्ही दिशांनी भरलेला. जाताना वाणसामान, मखराचे साहित्य, मुलांचे नवे कपडे. मे महिन्यात येताना आंब्याची पेटी, फणस, कोकम, तांदळाचे पीठ, आणि आजीने शेवटच्या क्षणी कोंबलेली कुळथाची पुडी. म्हणून जातानाच एक रिकामी, घडी होणारी कापडी बॅग सामानाच्या तळाशी घालावी.

रेल्वेत फुकट सामानाची मर्यादा वर्गानुसार ठरते: वातानुकूलित पहिल्या वर्गात ७० किलो, टू टियरला ५०, थ्री टियर आणि स्लीपरला ४०, तर सेकंड क्लासला ३५ किलो. जागेची अडचण वजनाच्या आधी येते, कारण खालच्या बर्थखालची जागा सहा जणांत वाटायची असते. म्हणून दोन मध्यम बॅगा एका अजस्र बॅगेपेक्षा बऱ्या. बर्थखाली साखळी अडकवायला कड्या असतात. साखळी-कुलूप वरच्या कप्प्यात ठेवावे, बॅगेच्या पोटात नाही. वातानुकूलित डब्यात अंथरूण-पांघरूण मिळते. स्लीपरला मिळत नाही, तिथे हवा भरायची उशी आणि पातळ सोलापुरी चादर पुरते.

कपडे निवडताना लोक फोटो डोळ्यांसमोर ठेवतात, हवामान नाही. उन्हाळी सुट्टीत महाराष्ट्रातून हजारो माणसे केदारनाथला जातात. मंदिर ३,५८३ मीटर उंचीवर आहे आणि गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे. मे महिन्यात पुण्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना बॅग भरली जाते, आणि तिथल्या थंडीची कल्पनाच येत नाही. एक जाडजूड स्वेटर नेण्यापेक्षा थर नेणे चांगले: आत अंगाला चिकटणारे थर्मल, मध्ये लोकरीचे किंवा फ्लीसचे काही, वर वारा-पाऊस अडवणारे जर्किन. चढताना एकेक काढता येते, थांबल्यावर घालता येते. सुती कपडे घामाने भिजले की वाळत नाहीत आणि थंडी हाडांत शिरते. हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांना माणशी जेमतेम दोन किलो सामान नेता येते. त्यामुळे वर मुक्काम करायचा असेल तर त्या दोन किलोंत काय जाणार, हे आधी घरीच बांधून पाहावे.

पाच-सात दिवसांसाठी दोन गडद रंगाच्या पँटी किंवा सलवारी आणि त्यांवर चालतील असे चार वरचे कपडे पुरतात. मुक्कामाला कपडे धुता येतात. धुण्याचा साबण आणि पातळ दोरी यांचे वजन एका शर्टापेक्षा कमी असते. पंचा हा टॉवेलपेक्षा कितीतरी सोयीचा: पटकन वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो, गाडीत पांघरता येतो.

भरण्याची पद्धत साधी आहे. जड वस्तू चाकांच्या बाजूला, म्हणजे बॅग उभी केल्यावर तळाशी येतील. वर ठेवल्या तर बॅग पुढे कलंडते आणि खालचे सगळे चुरगळते. बुटांच्या पोकळीत मोजे आणि चार्जर जातात. कॉटनचे कपडे गुंडाळले तर जागा वाचते. जरीची साडी मात्र गुंडाळू नये, सैल घडी घालून सुती कापडात ठेवावी. तेलाच्या किंवा शांपूच्या बाटलीचे झाकण काढून तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा आणि वरून झाकण घट्ट फिरवावे, गळती बरीचशी थांबते. सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला जाणारे सॅकवर नुसते कव्हर घालून थांबत नाहीत, आतही मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात सगळे भरतात. पाठीच्या बाजूने उतरणारे पाणी कव्हर अडवत नाही.

विमानात देशांतर्गत स्वस्त तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन अशी मर्यादा असते. घरी वजन करायला काटा हातात घेऊन बॅग लटकवता येते. तो नसेल तर आधी बॅग घेऊन आणि मग बॅगेशिवाय वजनकाट्यावर उभे राहावे. नवराबायको जात असतील तर दोघांचे थोडे थोडे कपडे एकमेकांच्या बॅगेत घालावेत. एक बॅग उशिरा आली तरी दोघांचेही भागते. जुन्या प्रवासाचे बारकोड काढून टाकावेत आणि नाव-फोनची चिठ्ठी बॅगेच्या आतही ठेवावी.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, कारण लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर सामानाच्या कप्प्यात ती विझवायला कुणी नसते. केबिनमध्ये १०० वॉट-तासांपर्यंत चालते. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते. २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिनमधल्या द्रवांवर १०० मिलिलिटरची मर्यादा रूढ झाली. लोणच्याचा खारही द्रवातच धरला जाऊ शकतो. सुक्या खोबऱ्याची वाटी निरुपद्रवी वाटते, पण तिच्यातल्या तेलामुळे ती आपोआप पेटू शकणाऱ्या मालात गणली जाते, आणि विमानतळावर काढून घेतली जाते.

मुलांकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत अर्धा भाग खाऊचाच असतो. तो नेण्यामागची माया खरी आहे, म्हणून नियम नीट कळून घेतले पाहिजेत. अनारशावर लावलेली खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये बंदी असलेली वस्तू आहे. दुबईला अनारसे न्यायचे झाले तर खसखशीशिवायच करावेत, मसाल्यातही ती नको. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचे सगळे पदार्थ अर्जावर लिहून द्यावे लागतात. लिहिले आणि नाकारले तर फक्त पदार्थ जातो, लपवले तर दंड होतो. ताजा कढीपत्ता, आंबे, बियाणे घेऊन अमेरिकेतही अडचण येते. चकली, शंकरपाळे, भाजणी, मेतकूट यांसारखे कोरडे पदार्थ मूळ पाकिटात किंवा स्वच्छ नाव लिहून नेले तर अधिकाऱ्याला समजावणे सोपे जाते.

औषधे नेहमी जवळच्या बॅगेत, पट्ट्या न तोडता, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे, कारण आपल्याकडचा ब्रँड परदेशात कुणाला कळत नाही. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात गोठू शकते, म्हणून तेही हातातच. कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या अमिरातीत परवानगीशिवाय चालत नाहीत. सर्दीच्या काही गोळ्यांतले स्यूडोएफेड्रीन १० टक्क्यांहून जास्त असेल तर ते जपानमध्ये नेता येत नाही. ही यादी आदल्या रात्री नव्हे, तिकीट काढल्यावरच डॉक्टरांसमोर धरावी, म्हणजे एखादी गोळी बदलून घ्यायची असेल तर ती सवयीची व्हायला वेळ मिळतो.