आरोग्यव्यवस्थेतील मूल्ये (पुण्याच्या संदर्भात)

आजारी माणसाची जबाबदारी कोणाची? घराची, दात्याची, बाजाराची की सरकारची? समाजाने याचे जे उत्तर मनोमन दिलेले असते, त्यातून त्याची आरोग्यव्यवस्था घडते. जर्मनीने १८८३ मध्ये कामगार-मालकांच्या वर्गणीचा विमा आणला. ब्रिटनने १९४८ मध्ये सरकारी तिजोरीतून सर्वांना उपचार दिले.

पुण्यात हा प्रश्न १८९७ च्या प्लेगने ऐरणीवर आणला. ब्रिटिश अधिकारी रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सोल्जरांकरवी घरांची झडती घेतली, रोग्यांना इस्पितळात आणि संशयितांना छावणीत हलवले. साथ रोखण्यासाठी विलगीकरण गरजेचेच होते. पण त्या बंदोबस्तात माणसांची अब्रू, बायकांची लाज, देवघराचे सोवळे कोणी विचारात घेतले नाही, म्हणून लोक रोगी लपवू लागले. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. याच साथीत ससाणे माळावर डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला होता. रोगी गावाबाहेर तिथेही नेले जात, पण यशवंतांच्या आई सावित्रीबाई रोग्यांना स्वतः आणत. ही शुश्रूषा करतानाच प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आरोग्यसुधारणेचा अभ्यास करणाऱ्याने हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत.

डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये ससून रुग्णालय उभे राहिले. शहरातील अनेक जुन्या रुग्णालयांचा पाया असा दानाचा आहे. ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये मांडले आणि दानाच्या जागी हक्काची भाषा आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तरी खाट मिळण्याआधी रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा दाखला दाखवून गरिबी सिद्ध करावी लागते. नियम हक्काचा असला तरी खिडकीवरची रीत अजून दानाचीच आहे, आणि सुधारणा अडते ती इथेच.

वेगळी वाट ग्रामीण भागात निघाली. २००७ पासून पुण्यासह पाच जिल्ह्यांत सरकारी आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख, म्हणजे लोकांनीच लक्ष ठेवण्याची पद्धत, सुरू झाली. गावच्या समित्या आरोग्यकेंद्राला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देतात. मग जनसुनवाईत गावकरी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सर्वांसमक्ष विचारतात: औषध बाहेरून का आणायला लावले?